‘फुकट आहे’ हे शेवटी सांगा: लिनक्सची ओळख लोकांना कशी करून द्यावी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या.” दुकानदार पेनड्राइव्ह लावतो, तास-दोन तासांत मशीन परत देतो आणि ‘टाकायचे’ पैसे घेतो. परवाना कुठून आला हे गिऱ्हाईक विचारत नाही, दुकानदार सांगत नाही. गिऱ्हाइकाच्या लेखी विंडोजही फुकटच असतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, पण अशा बाजारात “आमचं लिनक्स फुकट आहे” या घोषणेला काडीचीही किंमत उरत नाही. तरीही नव्वद टक्के पत्रकांवर तीच ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात असते, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शाळा, वाचनालय, सोसायटी, पतसंस्था किंवा कॉलेजचा क्लब अशा ठिकाणी शिबिर घेऊन लोकांना ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम दाखवायची असेल, तर काय बोलायचं, काय टाळायचं आणि टेबलावरचं मशीन कसं तयार ठेवायचं, ते इथं सांगितलं आहे. लोकांचं लिनक्सबद्दलचं मत वापरातून फार क्वचित आलेलं असतं. ते कुणीतरी विकलेलं, छापलेलं किंवा दुकानाच्या काउंटरवर बोललेलं असतं. म्हणून मत कसं घडलं ते आधी बघू.

मत कुठून येतं ते आधी मोजा

पहिला स्रोत म्हणजे खरेदी. डबा उघडल्यावर पडद्यावर जे दिसतं तेच माणसासाठी ‘कॉम्प्युटर’ असतं. दुसरा स्रोत क्लास. महाराष्ट्रात ‘कॉम्प्युटर येतो’ याचा अर्थ कित्येक घरांत ‘एमएस-सीआयटी झालंय’ असा होतो, आणि तिथं हात बसतो तो विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर. (त्यातलं ‘एमएस’ महाराष्ट्र स्टेटचं आहे. ते मायक्रोसॉफ्टचं समजणारे बरेच भेटतील, त्यांना हसू नका. नावांचा परिणाम असाच होत असतो.) तिसरा स्रोत जाहिरात आणि बातम्या. याउलट केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं गेली कित्येक वर्षं उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारलेल्या प्रणालीवरच शिकतात. त्या मुलांना लिनक्स ‘अवघड’ वाटण्याचं कारणच उरत नाही, कारण त्यांचा पहिला कॉम्प्युटर तोच.

शिबिराच्या आठवडाभर आधी पंधरा-वीस जणांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. लिनक्स म्हटलं की पहिला शब्द कोणता आठवतो? ते शेवटचं कुठं पाहिलं? मशीनवर रोज लागणाऱ्या तीन गोष्टी कोणत्या? आणि मशीन अडलं तर फोन कुणाला करता?

पहिल्या प्रश्नाला ‘हॅकर’, ‘काळा पडदा’, ‘अवघड’ अशी उत्तरं आली, तर तुमच्या टेबलावर टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) उघडं ठेवायचं नाही हे ठरलं. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं म्हणजे प्रात्यक्षिकात काय दाखवायचं त्याची यादी. पण सगळ्यात मोलाचा चौथा प्रश्न. ज्याला फोन जातो, मग तो भाचा असो, शेजारचा इंजिनिअर असो की दुकानदार, त्याच्या “कशाला त्या भानगडीत पडताय?” या एका वाक्याने तुमची चार तासांची मेहनत वाया जाते. त्याला शिबिराचं आमंत्रण सगळ्यात आधी द्या, आणि जमलं तर मदतनीस म्हणून टेबलाच्या आतल्या बाजूला बसवा.

जाहिरातीने प्रतिमा कशी घडवली

24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 बाजारात आलं तेव्हा न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर त्याच्या रंगांची रोषणाई होती आणि लंडनचं ‘द टाइम्स’ त्या दिवशी लोकांना मोफत वाटलं गेलं. ऑपरेटिंग सिस्टिमसारखी कंटाळवाणी वस्तू लोकांनी मध्यरात्री रांगा लावून घेतली. त्यात ‘स्टार्ट’ हे बटण प्रत्येकाला कळलं. लिनक्स तेव्हा चार वर्षांचं होतं, आणि त्याच्या मागे जाहिरातीचा खर्च करणारी एकही मोठी कंपनी नव्हती. सुरुवातीची दरी इथंच पडली.

पुढे लिनक्स सर्व्हरवर (इतर संगणकांना सेवा देणाऱ्या यंत्रांवर) जम बसवू लागलं तसा विरोध उघड झाला. 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टची अंतर्गत टिपणं बाहेर फुटली. ती ‘हॅलोवीन दस्तऐवज’ म्हणून ओळखली जातात. भीती, अनिश्चितता आणि शंका पसरवण्याचा नेहमीचा डावपेच या सॉफ्टवेअरपुढे चालणार नाही, असं त्यांत मान्य केलं होतं. तरी जून 2001 मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. त्यांचा रोख परवान्याच्या अटींवर होता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो रोग. ऑक्टोबर 2014 मध्ये त्याच कंपनीचे नवे प्रमुख सत्या नाडेला ‘मायक्रोसॉफ्टचं लिनक्सवर प्रेम आहे’ अशी पाटी पडद्यावर दाखवत होते. दरम्यान लिनक्सच्या परवान्यात काही फरक पडलेला नव्हता. कंपनीच्या व्यवसायाचं गणित बदललं होतं. शिबिरात कुणी “लिनक्स धोकादायक आहे असं ऐकलंय” म्हणालं, तर वाद घालण्यापेक्षा ही दोन वर्षं शेजारी ठेवा.

या सगळ्यात एक प्रकरण तपशिलात समजून घेण्यासारखं आहे. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘गेट द फॅक्ट्स’ नावाची मोहीम चालवली. लिनक्स फुकट असलं तरी एकूण खर्चात महाग पडतं, हा तिचा गाभा. ब्रिटनमधल्या एका मासिकी जाहिरातीत आलेख काढून लिनक्स दहा पट महाग दाखवलं होतं. तक्रारी गेल्या. तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने पाहिलं तेव्हा कळलं की लिनक्स चालवलं होतं आयबीएमच्या महागड्या मेनफ्रेमवर, आणि विंडोज चालवलं होतं दोन साध्या इंटेल झिऑन प्रोसेसरच्या यंत्रावर. म्हणजे किमतीतला फरक होता यंत्रांचा, आणि तो चिकटवला सॉफ्टवेअरला. ऑगस्ट 2004 मध्ये प्राधिकरणाने ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली.

कुठलीही तुलना हाती आली, मग ती विंडोजच्या बाजूची असो की लिनक्सच्या, तर याच पद्धतीने तपासा. दोन्हीकडे यंत्र एकच होतं का? दोन्हीकडे आवृत्ती त्याच वर्षाची होती का? खर्चात प्रशिक्षण धरलं असेल तर दोन्ही बाजूंना धरलं का? अभ्यासाचे पैसे कुणी दिले? आणि तुलना नेमकी कुणाच्या कामाची होती: बँकेच्या सर्व्हरची, की घरातल्या लॅपटॉपची? “लिनक्सवर जगातले सगळे सुपरकॉम्प्युटर चालतात” हे वाक्य खरं आहे. वेगवान 500 यंत्रांच्या यादीत 2017 पासून लिनक्सच आहे. पण विजेचं बिल भरायला बसलेल्या काकूंसाठी ती तुलना गेट द फॅक्ट्सइतकीच गैरलागू आहे. आपल्या बाजूची म्हणून तिला सूट देऊ नका, खोडून टाका.

लिनक्सच्या बाजूनेही मोठा पैसा लागला. आयबीएमने 2001 मध्ये शांतता, प्रेम आणि लिनक्सचं बोधचिन्ह असलेला पेंग्विन अशी तीन चिन्हं रंगवून मोहीम काढली. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या पदपथांवर ती चिन्हं उमटवल्यामुळे पालिकांचा रोष ओढवला आणि सॅन फ्रान्सिस्कोत दंडही भरावा लागला. ही जाहिरात होती मोठ्या ग्राहकांसाठी, सर्व्हर विकण्यासाठी. घरच्या वापरणाऱ्याच्या वाट्याला तिच्यातून ‘हे तज्ज्ञांचं काम’ एवढाच अर्थ आला. आज तुम्हाला जी प्रतिमा पुसायची आहे तिच्यात विरोधकांइतकाच मित्रांचाही हात आहे.

शब्द: मराठीची जमेची बाजू

इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दात फुकटही येतं आणि मुक्तही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून हा गोंधळ चळवळीच्या मागे लागला. जानेवारी 1998 मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला करणार असल्याचं जाहीर केलं, आणि फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत जमलेल्या मंडळींनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द उचलला. तो ख्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवला होता. हेतू स्पष्ट होता: कंपन्यांच्या बैठकीत उच्चारता येईल असा शब्द हवा. सॉफ्टवेअर जुनंच, शब्द नवा, आणि दोन-तीन वर्षांत दारं उघडली. स्टॉलमन यांचा आक्षेप आजही आहे, की या शब्दात स्वातंत्र्याचा मुद्दा हरवतो. तो आक्षेप रास्त आहे, असं आमचं मत.

मराठीत ही अडचण नाही. फुकट, मोफत आणि मुक्त हे तीन वेगळे शब्द आपल्या बोलण्यात आहेत आणि प्रत्येकाचा वास वेगळा आहे. ‘फुकट’ला हिणकसपणा चिकटलेला असतो: फुकटचा सल्ला, फुकट गेलं. ‘मोफत’ म्हटलं की आरोग्य शिबिर किंवा सरकारी योजना आठवते, आणि रांगेत उभं राहणंही. ‘मुक्त’ आपल्याला मुक्त विद्यापीठ, मुक्तछंद यांतून ओळखीचा आहे. म्हणून पत्रकात आणि बोलण्यात ‘मुक्त’ हा मुख्य शब्द ठेवा. अर्थ सांगायला चार क्रियापदं पुरतात: वापरा, उघडून बघा, वाटा, बदला. किंमत शून्य आहे, हे शेवटच्या ओळीत, लहान अक्षरात लिहा. समोरचा शाळेचा विश्वस्त असेल तर ‘मुक्तस्रोत’ आणि ‘परवान्याची कायदेशीर भानगड नाही’ हे पुढे आणा. लेखापरीक्षणात क्रॅक सॉफ्टवेअर सापडण्याची धास्ती त्याला खरोखर असते. विद्यार्थी असेल तर ‘उघडून बघा’वर भर द्या.

आता एक पत्रक जवळून बघू. असं पत्रक सर्रास निघतं: “गुलामी सोडा, विंडोज सोडा! 100 टक्के व्हायरसमुक्त, मोफत, विंडोजसारखंच लिनक्स!” यात तीन घोडचुका आहेत. वाचणारा स्वतःला गुलाम समजत नाही, त्यामुळे पहिल्या ओळीत त्याचा अपमान होतो. व्हायरसमुक्त हा दावा खोटा आहे. लिनक्सवर मालवेअर कमी आढळतं, पण बनावट बँकेच्या पानावर ओटीपी टाकणाऱ्याला कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम वाचवत नाही, आणि तसा एक जरी प्रसंग घडला तरी तुमचं बाकीचं खरं बोलणंही संशयाखाली येतं. तिसरी चूक ‘विंडोजसारखंच’.

ही तिसरी चूक फार जुनी आहे. 2001 मध्ये ‘लिंडोज’ नावाची कंपनी निघाली. मायक्रोसॉफ्टने नावावरून खटला भरला, शेवटी 2004 मध्ये तडजोड झाली, लिंडोजला दोन कोटी डॉलर मिळाले आणि नाव बदलून लिन्स्पायर झालं. नावातच ‘जवळपास विंडोज’ असलेली वस्तू लोक विंडोजच्याच मापाने मोजणार, यात नवल नाही. 2007 च्या अखेरीस असूसचं छोटं ‘ई पीसी’ (नेटबुक, म्हणजे लहान स्वस्त लॅपटॉप) लिनक्स घालून विकायला आलं आणि हातोहात खपलं. मग मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी अशा स्वस्त यंत्रांसाठी कमी दरात चालू ठेवलं, आणि दीड-दोन वर्षांत नेटबुकच्या बाजारातून लिनक्स जवळजवळ हद्दपार झालं. लिनक्सची नेटबुकं परत येण्याचं प्रमाण जास्त आहे, असं 2008 मध्ये उत्पादकांपैकी काहींनी सांगितलं. ती यंत्रं बिघडलेली नव्हती. पेटीवर ‘लिनक्स’ लिहिलेलं पुष्कळांच्या लक्षात आलं नाही, दुकानात कुणी सांगितलं नाही, आणि घरी गेल्यावर ओळखीचा प्रोग्रॅम बसेना. अपेक्षा चुकीची बसली की चांगली वस्तूही परत येते.

म्हणून पत्रक असं लिहा: “तुमचा लॅपटॉप विंडोज 11 घेत नाही? टाकून देऊ नका. रविवारी 10 ते 2, वाचनालयाचा हॉल. आधी काहीही न पुसता लिनक्स चालवून बघा, आवडलं तर ठेवा. टॅली किंवा श्रीलिपी लागत असेल तर येण्याआधी फोन करा.” यात एक खरी अडचण आहे, एक जोखीम नसलेली कृती आहे आणि एक प्रामाणिक इशारा आहे. अडचण खरी आहे: विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे 2017 आणि त्याआधीची बहुतेक मशीनं बाहेर पडतात. केडीई आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर गटांनी 2025 मध्ये ‘एंड ऑफ 10’ ही मोहीम याच मुद्द्यावर उभी केली. मात्र “आता तुमचं मशीन बंद पडणार” असं म्हणू नका. ते चालू राहतं, फक्त सुरक्षा-दुरुस्त्या थांबतात, आणि घरगुती वापरासाठी ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव सोयही मायक्रोसॉफ्टने दिली आहे. भीती विकायची तर गेट द फॅक्ट्सवाल्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

आणखी एक मोह आवरा. “तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्ये लिनक्सच आहे” म्हटलं की सभेत माना डोलतात. कर्नेल (प्रणालीचा गाभा) लिनक्सचंच आहे, हे खरं. पण ऐकणारा घरी जाऊन लॅपटॉपवर प्ले स्टोअर शोधतो आणि फसवल्यासारखं वाटून घेतो. सांगायचंच असेल तर पुढचं वाक्यही सांगा: फोनवरची ॲप इथं चालत नाहीत, पण ब्राउझरमधलं जवळपास सगळं चालतं.

टेबलावरचं मशीन

लोक पहिल्या पाच मिनिटांत मत बनवतात, त्यामुळे खरं काम इथं आहे.

एकच डिस्ट्रो (लिनक्सचा तयार प्रकार) ठेवा. पाच-सहा डिस्ट्रोंची यादी पुढे केली की माणूस उठून जातो. विंडोजवरून येणाऱ्यासाठी लिनक्स मिंट योग्य. मशीनमध्ये रॅम 4 जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन आवृत्ती, त्याखाली एक्सएफसीई. मिंटला किमान 2 जीबी रॅम आणि 20 जीबी जागा लागते. पण ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडायचे तर 4 जीबीच्या खाली कुणालाही शब्द देऊ नका.

पेनड्राइव्ह यूएसबी 3 चाच घ्या, 8 जीबी पुरे. जुन्या यूएसबी 2 पेनड्राइव्हवरून चालवलं की ब्राउझर उघडायला बराच वेळ जातो, आणि बघणारा म्हणतो “लिनक्स स्लो आहे”. स्लो असतो पेनड्राइव्ह. प्रात्यक्षिकाच्या मशीनवर तर पूर्ण बसवलेलंच लिनक्स दाखवा, तेही साधारण आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घालून. आणि तोंडाने सांगा की वेगात मोठा वाटा एसएसडीचा आहे. कुणी आपल्या जुन्या हार्डडिस्कवर लिनक्स बसवून जादूची अपेक्षा केली तर निराशा तुमच्या नावावर लागते.

मग मराठी. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) आणि एक फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टंकायची मांडणी), दोन्ही आधीच बसवून ठेवा आणि भाषा बदलण्याची कळ कागदावर लिहून स्क्रीनखाली चिकटवा. आदल्या दिवशी लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये हे शब्द टंकून बघा: दऱ्याखोऱ्या, कॅमेरा, ॲप, ऑक्टोबर, शाळा, लिहिलंय. ‘दऱ्या’तला ऱ्य नीट जुळतो का, ‘ॲ’वरचा चंद्र जागेवर बसतो का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात का? दिसत नसतील तर फॉन्ट बदला. मराठी शिक्षिकेने स्वतःचं नाव टंकलं आणि ते मोडकं उमटलं, तर पुढचं काही ती बघणार नाही.

प्रिंटर प्रत्यक्ष जोडून छापून दाखवा. कार्यालयातल्या माणसाचा निम्मा विश्वास त्या एका कागदावर ठरतो. एचपीच्या काही लहान लेझर प्रिंटरना मूळ ड्रायव्हरखेरीज (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमखेरीज) आणखी एक जोड-प्लगइन उतरवून घ्यावं लागतं, ते आदल्या दिवशी करा. आपल्याकडे फार खपलेले काही जुने कॅनन लेझर वेगळ्या ड्रायव्हरवर चालतात आणि लिनक्सवर घाम काढतात. असा प्रिंटर घरी असणाऱ्याला लिनक्स बसवण्याआधीच सांगा.

बसवताना काय फसतं

बूट मेनूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्याच्या यादीची) कळ कंपनीगणिक वेगळी असते: डेल, लेनोवो, एसरवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. हा तक्ता छापून ठेवा. एसरवर हा मेनू कधीकधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) आधी चालू करावा लागतो. एनव्हिडिया कार्ड असलेल्या मशीनवर पडदा काळाच राहिला तर मिंटच्या पहिल्या मेनूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर बऱ्याचदा वायफाय दिसतच नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देणं) चालू करा, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. म्हणून प्रत्येक टेबलावर एक डेटा केबल हवी. फक्त चार्ज करणारी केबल इथं कामाची नाही.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं असेल तर तीन गोष्टी क्रमाने. आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवल्याशिवाय बायोसला हात लावू नका. सिक्युअर बूट (बायोसमधली, मशीन सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) बदललं की विंडोज तीच की मागतं, आणि ती नसेल तर फोटो, कागदपत्रं, सगळं अडकतं. दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येणार नाही. तिसरं घड्याळ.

घड्याळाची गोष्ट अगदी क्षुल्लक वाटते आणि सगळ्यात जास्त बदनामी हीच करते. विंडोज मशीनच्या आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स ते जागतिक वेळेवर नेतं. भारतात फरक साडेपाच तासांचा. संध्याकाळी लिनक्स वापरून सकाळी दहाला विंडोज सुरू केलं की घड्याळ साडेचार दाखवतं. मालकाचा निष्कर्ष ठरलेला: “लिनक्सने कॉम्प्युटर बिघडवला.” लिनक्सला आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगणारी टर्मिनलमधली एक ओळ आहे. ती बसवण्याच्या यादीतलीच शेवटची पायरी धरा. विसरलात तर दुसऱ्या दिवशी फोन येईल, नाहीतर येणारही नाही आणि माणूस गप्प राहून सगळीकडे सांगत सुटेल.

कुणाला ‘नको’ म्हणायचं

ज्याचा धंदा टॅलीवर चालतो, ज्याची छपाई कोरलड्रॉ, ॲडोब किंवा श्रीलिपीवर आहे, ज्याला डिजिटल सहीचं डोंगल रोज लागतं, किंवा जो सरकारी टंकलेखन परीक्षेची तयारी करतोय, त्याचं मुख्य मशीन बदलू नका. त्याला लाइव्ह पेनड्राइव्ह (न बसवता लिनक्स चालवून देणारा) द्या, घरातल्या दुसऱ्या मशीनवर बसवून द्या. गेमसाठी विचारणाऱ्याला ठाम आश्वासन नको. स्टीम या ऑनलाइन दुकानातले विंडोजचे बरेचसे खेळ वाल्व्ह कंपनीच्या प्रोटॉन या जोड-सॉफ्टवेअरमुळे चालतात, आणि 2022 मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरायचं खेळयंत्र तर लिनक्सवरच चालतं, पण फसवणूक-रोधक यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत उघडतात. मंगल फॉन्टमधलं पत्र वाचता येतं, पण मंगल विंडोजसोबत येतो, लिनक्सवर त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो आणि दोन पानांचं पत्र अडीच पानांचं होतं. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवायचं, ही सवय पहिल्याच दिवशी लावा.

‘नको’ सांगितल्याने गर्दी कमी होईल असं वाटतं. पण ज्याला तुम्ही “तुमच्यासाठी हे योग्य नाही” म्हणालात, तोच पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला खात्रीने पाठवतो.

दिवस आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

चार तासांत एका जाणत्या मदतनिसाकडून तीन मशीनं नीट होतात. पाच मदतनीस असतील तर पंधराच नावं घ्या, बाकीच्यांना पुढची तारीख द्या. बॅकअपशिवाय कुणाचंही मशीन घेऊ नका. एक-दोन टीबीची एक बाहेरची डिस्क ठेवा, पण ‘बॅकअप तपासला’ या ओळीवर मालकाची सही घ्या.

उबुंटूने 2005 ते 2011 या काळात जगभर टपालाने सीडी पाठवल्या, टपालखर्चही घेतला नाही. भारतातही त्या अनेकांच्या घरी पोचल्या. इंटरनेट महाग असताना हातात येणारी, मित्राला देता येणारी ती वस्तू होती, आणि घोषणा साधी होती: माणसांसाठी लिनक्स. आज सीडीची गरज नाही, पण हातात काहीतरी द्या. एक जाड कागद पुरेल: पासवर्ड कुठं लागतो, सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं, भाषा कशी बदलायची, अपडेटच्या ढालीच्या चिन्हावर खूण दिसली तर काय करायचं, आणि फोन कुणाला करायचा. या शेवटच्या ओळीत खऱ्या माणसाचं नाव आणि वेळ हवी.

आणि तक्रारींची वही. जर्मनीतल्या म्युनिक शहराने 2003 मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं. तो निर्णय अडवायला बामर स्वतः महापौरांना भेटले होते. 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक बदलले, आणि 2017 मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. त्याआधीच्या सल्लागारांच्या अहवालात अडचणींचं मोठं कारण पालिकेच्या संगणक विभागांची रचना असल्याचं म्हटलं होतं. पण मेल अडलं, प्रिंट निघाली नाही, फाईल उघडली नाही, की बोट लिनक्सकडे जायचं, कारण वेगळं दिसणारं तेच होतं.

तुमच्या शाळेत किंवा कार्यालयातही हेच होईल. वहीत चार रकाने आखा: तारीख, काय अडलं, खरं कारण काय निघालं, किती वेळ गेला. कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहा: राउटर, प्रिंटरचा टोनर, वापरणाऱ्याची सवय, किंवा लिनक्स. तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी स्वतःहून फोन करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका. “काही अडचण?” असं विचारलं तर “नाही” हेच उत्तर मिळतं, म्हणून “परवा प्रिंट काढली का?”, “आधारची पीडीएफ उघडली का?” असं विचारा. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन मुख्याध्यापकांपुढे बसा आणि ‘लिनक्स’ लिहिलेल्या ओळी आधी वाचून दाखवा, मग बाकीच्या.